गिरणीच्या भिंतीवरचा फळा

हरिचंद्र पाष्टे जिवंत आहेत, हे आधीच सांगते. नाहीतर एखाद्या माणसाबद्दल असं सविस्तर बोलायला लागलं की लोक लगेच विचारतात, कधी गेले हो? कुठे गेले नाहीत. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, सकाळी दूध आणायला जातात, दिसले तर "काय कुमुदताई" म्हणतात. पण मला आत्ताच सांगायचंय. त्यांच्या बाबतीत जे झालं त्यात माझा हात आहे, आणि ते पोटात ठेवून मला एक घास गोड लागत नाही.

मी कुमुदिनी शेलार. बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या नाक्यावर माझी पिठाची गिरण आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. तोंडाने फटकळ आहे, ते अख्ख्या नाक्याला ठाऊक. दळण उशिरा मिळालं म्हणून कोणी कटकट केली तर मी सरळ सांगते, बाई गं, घरी जातं ठेव आणि दळ. तरी लोक येतात, कारण पीठ बारीक निघतं.

या गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा आहे. पूर्वी नाक्यावरच्या मंडळाने लावलेला, वर पत्र्याची झडप, खाली खडूला छोटीशी फळी. मंडळ कधीच फुटलं, दोन्हीकडचे पोरगे आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. फळा राहिला. आणि फळ्याचे मालक झाले हरिभाऊ. तसं कोणी नेमलं नव्हतं. एके दिवशी सकाळी खडू घेऊन आले आणि लिहायला लागले, एवढंच.

अक्षर म्हणाल तर छापल्यासारखं. का नसेल! अंबरनाथच्या एका केमिकलच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी पिंपांवर अक्षरं रंगवली. 'विषारी', 'ज्वालाग्राही', 'आडवे करू नये'. दिवसाला शंभर-शंभर पिंपं. मूळचे मंडणगडकडचे, दहावी नापास, पण हात असा की साहेब लोक घरच्या लग्नाच्या पाट्या त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. रिटायर झाल्यावर सहा महिने घरात बसले आणि बायकोला, म्हणजे विठावहिनींना, वीट आणला. वहिनीच मला म्हणाल्या, "अगो, ह्येंना काहीतरी काम लाव, नाहीतर माझं डोकं फिरंल." मी म्हटलं, फळा आहे की मोकळा.

तेव्हापासून अकरा वर्षं. वर सुविचार. मध्ये कोणाचं निधन, कोणाच्या पोरीचा दहावीला नंबर, हरवलेली पाकिटं, सापडलेली बकरी. रंगीत खडू उल्हासनगरहून आणायचे, तिथला सिंधी दुकानदार त्यांना 'मास्टरजी' म्हणायचा आणि ते सुधारायचेही नाहीत, लबाड! आणि सगळ्यात खाली, पांढऱ्या खडूने, एक ओळ रोज असायची. पाण्याची. 'पाणी सकाळी ६ ते ८.' आणि पाणी खराब असलं तरच त्याच्यापुढे, 'गढूळ आहे, उकळून घ्या' किंवा 'वास आहे, पिऊ नका'.

हे ते असंच ठोकून देत नसत हां. नाक्यावरच्या नळाला पाणी आलं की काचेच्या बाटलीत भरायचे. उन्हाकडे धरायचे. वास घ्यायचे. केमिकलमध्ये जन्म गेलेला माणूस, त्याचं नाक म्हणजे काय विचारता! मग दोन-चार बिल्डिंगच्या वॉचमनना विचारायचे आणि मगच लिहायचे. अख्ख्या शिरगावच्या बायका कळशी घासायच्या आधी फळा बघायच्या. चामटोलीकडून कामाला येणाऱ्या बायकासुद्धा बाटली भरायच्या आधी मान वळवून बघायच्या. कोणी नवीन राहायला आलं तर शेजारीण पहिल्यांदा सांगायची, फळ्यावर काही नसेल तर बिनधास्त प्यायचं. अशी सवय लागली होती आम्हाला, सगळ्यांना.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पाण्याला वास यायला लागला. नाल्यासारखा. हरिभाऊंनी लिहिलं, पिऊ नका. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. आठवड्यात समोरच्या दोन बिल्डिंगमध्ये काविळीचे पेशंट निघाले. हरिभाऊ जिने चढून घरोघर गेले आणि आकडा लिहिला. चार. मग सात. मग अकरा. नावं नाहीत, फक्त आकडा आणि बिल्डिंगचं नाव. पाण्याच्या ऑफिसात दोनदा अर्ज दिला, पोच घेतली. तिथून उत्तर आलं की पाणी तपासलंय, शुद्ध आहे. हरिभाऊंनी तेही लिहिलं! 'ऑफिसचे म्हणणे: पाणी शुद्ध आहे.' आणि खाली, 'आज पेशंट १३.' मी म्हटलं, अहो हरिभाऊ, हे काय चिडवल्यासारखं? तर म्हणाले, "त्यांचं पण लिहायला नको का? दोन्ही बाजू लिहिल्या पायजेत."

नेमकं त्याच आठवड्यात नव्या टाकीचं उद्घाटन होतं. नाक्यावर कमान, बॅनर, 'घरोघरी शुद्ध जल'. बॅनर बांधला तो फळ्याच्या बरोबर वर. वडापावच्या गाडीवाल्या सनीने दोन्हीचा एकत्र फोटो काढला, वर शुद्ध जल, खाली पेशंट तेरा, आणि टाकला मोबाईलवर. संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठे कुठे गेला देव जाणे. मला माझ्या पुण्याच्या भाचीने पाठवला, माझ्याच गिरणीचा!

उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी हरिभाऊंना पोलीस चौकीतून नोटीस आली. अफवा पसरवून लोकांत घबराट निर्माण करणे, सार्वजनिक शांततेला बाधा. विठावहिनींनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. हरिभाऊ मात्र गोंधळलेलेच. "ताई, मी सरकारविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाय. मी पाण्याबद्दल लिहिलं."

चौकीत मी गेले होते बरोबर. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत, खोटं कशाला सांगू. चहा दिला. "काका, लोकशाही आहे, बोला ना, कोण नको म्हणतंय? पण असं चौकात लिहायचं नाही. तुम्ही काय लॅबवाले आहात काय? उद्या दंगाफसाद झाला तर?" मग एक हमीपत्र पुढे केलं. यापुढे पाण्याच्या गुणवत्तेबद्दल आणि आजाराबद्दल खात्याच्या परवानगीशिवाय लेखी किंवा तोंडी काहीही प्रसिद्ध करणार नाही. फळा राहू द्या म्हणाले. सुविचार लिहा, निधन लिहा, पाण्याची वेळ लिहा. वेळेला ना नाही.

हरिभाऊ म्हणाले, "सही नाय करणार. खोटं काय लिहिलंय ते दाखवा, मग करतो." साहेब म्हणाले, दोन दिवस विचार करा.

त्या दोन दिवसांतलं आता सांगते.

माझा मुलगा अक्षय पाण्याच्या ऑफिसात जीपवर ड्रायव्हर आहे. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवीन ऑर्डर निघते आणि ती निघेपर्यंत आमच्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. त्या संध्याकाळी तो घरी आला तो जेवायलाच बसेना. म्हणाला, "आई, साहेबांनी विचारलं, तो फळा तुझ्या आईच्या भिंतीवर आहे ना? बास, एवढंच विचारलं. पण माझी ऑर्डर अजून टेबलावर पडलीय." त्याची बायको भारती दारात उभी होती, तिला चौथा महिना लागलेला. बदलापुरात दुसरी नोकरी काय झाडाला लागलीय? पोरगं ओकाऱ्या काढत असलेल्या बायकोकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे.

मी उठले आणि हरिभाऊंच्या घरी गेले. काय काय नाही बोलले त्यांना. म्हटलं, तुम्हाला पेन्शन आहे, तुमचं काय जातंय? माझ्या पोराच्या पोटावर पाय येतोय. म्हटलं, कोणी सांगितलंय तुम्हाला जगाची उठाठेव? भिंत माझी आहे, उद्या फळा उपटून टाकीन. विठावहिनी रडत होत्या, त्यांनीही माझीच री ओढली. हरिभाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "भारतीला कितवा?" मी म्हटलं, चौथा. म्हणाले, "बरं. करतो सही."

केली. त्यांच्या त्या सुंदर अक्षरात, पूर्ण नाव घालून.

त्यानंतर फळा पुन्हा नीटनेटका दिसायला लागला. सुविचार, निधन, 'पाणी सकाळी ६ ते ८'. वेळेच्या पुढे कोरी जागा. अक्षयची ऑर्डर निघाली, मी पेढे वाटले, हरिभाऊंनाही दिला. त्यांनी घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

आता नीट ऐका, कारण माझ्या आयुष्यात मी याहून मोठा मूर्खपणा केलेला नाही. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस आम्ही पाणी उकळून प्यायलो. मग वास कमी झाला. मग रोज सकाळी गिरण उघडताना मी फळा बघायचे, अकरा वर्षांची सवय, आणि वेळेच्या पुढे काही नसायचं. काही नाही म्हणजे ठीक. डोळ्यांनी वाचायचं आणि मनाने गप्प निर्धास्त व्हायचं. मी! जिने त्या माणसाला सही करायला लावली, तिला कळू नये की तो आता काही लिहूच शकत नाही? कळत होतं हो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण सकाळच्या घाईत कोण विचार करतो? फळ्यावर नाही, मग उकळायची कटकट कशाला. भारतीला मीच म्हटलं, "राहू दे गं, आता ठीक आहे पाणी."

ही भारती म्हणजे वांगणीच्या पुढच्या वाडीतली पोर. डोंगरातली, काटक. घरात आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, वर्षभरात मलाच टोमणे मारायला लागली. "आई, तुम्ही गिरणीपेक्षा जास्त आवाज करता." असं म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची. सातव्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, तिच्या आईने रानातली करटुली आणलेली वाळवून. हरिभाऊंनी फळ्यावर रंगीत खडूने कमळ काढून लिहिलं होतं, 'सौ. भारती हिस आशीर्वाद.'

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिला अन्न जाईना. आम्हाला वाटलं, होतं असं. मग ताप. मग एका सकाळी ती आरशात बघून म्हणाली, "आई, माझे डोळे हळदीसारखे का झालेत?"

उल्हासनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि अक्षयला बाहेर बोलावलं. घाण पाण्यातून होणारी कावीळ. बाकीच्यांना होते आणि जाते, पण पोटुशी बाईला हिचा फार धोका. "पाणी उकळून देत नव्हता का?" असं त्यांनी विचारलं. अक्षयने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

सहा दिवस. चौथ्या दिवशी बाळ गेलं, सहाव्या दिवशी ती गेली. शेवटी तिला कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. तिची आई बाहेर फरशीवर बसून एकच म्हणत होती, "माजी पोर कदी आजारी पडली नाय ओ, कदी नाय."

घरी आणली तेव्हा हरिभाऊ आधीच गिरणीपाशी येऊन उभे होते. हातात ओलं फडकं. फळा पुसून ठेवलेला. निधन लिहायचं होतं, ते त्यांचंच काम. अक्षय त्यांच्याजवळ गेला. हरिभाऊंनी नाव लिहिलं, कै. सौ. भारती अक्षय शेलार, वय २६. आणि खडू थांबला.

"कशाने लिहू?" त्यांनी विचारलं.

अक्षय म्हणाला, "काका, अल्पशा आजाराने लिहा." रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "हमीपत्र आहे तुमचं. आणि माझं... मला आता काहीच नको काका. पण तेवढंच लिहा."

हरिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. भिंत माझी होती. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी 'काविळीने' लिहिलं असतं, चौकी गेली खड्ड्यात म्हणून लिहिलं असतं, मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी बोलले नाही. ज्या जिभेने अख्ख्या नाक्याला गप्प केलं ती माझी जीभ तेव्हा टाळ्याला चिकटली. सून गेली, नातू गेला, आता मुलाची भाकरीही जाईल, एवढंच डोक्यात. त्यांनी वळून लिहिलं. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' एकेक अक्षर रेखलेलं.

लोक आले, वाचलं, हात जोडले. पाण्याच्या ऑफिसातूनही दोघे जण आले होते. फळा वाचून ते जरा मोकळे झाले असं मला वाटलं. वाटलं असेल उगाच. पण मला त्यांचा इतका राग आला की मी घरात निघून गेले. राग त्यांचा की माझा, ते मलाही सांगता येणार नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी मी गिरण उघडली. हरिभाऊ फळा पुसायला आले. सुतक संपलं की निधनाचा मजकूर पुसायचा, अशी त्यांची पद्धत. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, म्हणून मी विचारलं. म्हटलं, हरिभाऊ, एक विचारते, खरं सांगा. तुम्ही बाटली बघत होतात ना रोज? तुम्हाला माहीत होतं ना, पाणी खराब आहे? मला एका शब्दाने सांगायचंत. मी काय चौकीत जाणार होते?

ते म्हणाले, "नाय हो ताई. बघतच नव्हतो."

"म्हणजे?"

"सही केल्यावर बाटली विठाला देऊन टाकली. बघितलं तर सांगावंसं वाटणार. सांगता तर येणार नाय. मग म्हटलं बघायलाच नको. नाक दाबून नळावरून जायचो, शप्पथ. वास आला तर?" त्यांनी भारतीच्या नावावरून फडकं फिरवलं. "मी बघितलं असतं तर सांगितलंच असतं. म्हणून तर नाय बघितलं."

शिव्या घालायला गेले होते, आणि समोर हा असा माणूस. अकरा वर्षं रोज बघितलं त्याने, आणि बघणं बंद केलं ते माझ्या पेढ्यांसाठी.

तेवढ्यात शलाका आली, समोरच्या बिल्डिंगमधली, चौथ्या मजल्यावर ती सही झाल्यानंतरच राहायला आलेली. गव्हाचा डबा घेऊन. पाचवा महिना लागलेला, पोट आता दिसायला लागलंय. डबा ठेवून तिने फळ्याकडे पाहिलं. भारतीचं नाव पुसलं गेलं होतं, खालचं 'अल्पशा आजाराने' अजून होतं.

"मावशी, काय झालं होतं हो वहिनींना नक्की?"

आता मी बोलले. बोलले म्हणजे ओरडलेच. म्हटलं, कावीळ झाली तिला. या नळाच्या पाण्याने. बाळासकट गेली. तू उकळल्याशिवाय एक घोट पिऊ नकोस, कळलं? एक घोट नाही!

शलाका दचकली. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने, वेड्या माणसाला समजावतात तसा. "मावशी, तुम्ही त्रास करून घेऊ नका. दुःखात असं वाटतं. पाण्याचं काही असतं तर हरिकाकांनी लिहिलं असतं ना! मी रोज बघते फळा. चार महिन्यांत एकदाही नाही." आणि हरिभाऊंकडे वळून म्हणाली, "हो ना काका?"

हरिभाऊंचं तोंड उघडलं. दोनदा उघडलं. मग म्हणाले, "उकळून घे गं पोरी. मी सांगतोय म्हणून घे."

"हो हो, घेईन की," ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं. "मग तसं लिहा ना फळ्यावर. सगळ्यांनाच कळेल." डबा तासाभराने न्यायला येते म्हणून ती गेली. ती उकळते की नाही, मला अजून माहीत नाही.

हरिभाऊ पायरीवर बसले. ओलं फडकं मांडीवर, पँट भिजतेय याचं भान नाही. मोठ्याने रडायला लागले, सत्तरीचा माणूस, भर नाक्यावर, येणारे जाणारे बघतायत. मी गिरणीचं बटण बंद केलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.